पिवळी रेघ

सान लुईस खोऱ्यात फेब्रुवारी सरत आला तरी हिवाळा जायचं नाव घेत नाही. बटाट्याच्या मोकळ्या शेतांवर बर्फाची पातळ साय धरलेली असते, कालव्यांतलं पाणी गोठलेलं असतं, आणि पूर्वेची सांग्रे दे क्रिस्तोची डोंगररांग इतकी स्वच्छ, इतकी जवळ दिसते की वाटावं, हात लांबवला तर बोट कापेल. अशाच एका सकाळी लिआंद्रो माएसनं आपल्या विमानाचं जुनं इंजिन साखळीवर घेतलं आणि हळूहळू खाली उतरवलं.

"झालं," हँगरच्या दारात उभी असलेली त्याची बायको फेमी म्हणाली. "घरचा नळ गेल्या उन्हाळ्यापासून ठिबकतोय, त्याला हात लावायला सवड नाही. आणि हे चांगलं चालतं इंजिन मात्र उपटून काढलं."

"चालतं?" लिआंद्रो हसला. "जुलैत तू बरोबर बसली होतीस ना? आठव जरा."

"आठवतंय की. ती गाय चरायला खाली वाकली म्हणून आपण वाचलो."

यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. खोऱ्याचा तळच मुळी समुद्रसपाटीपासून जवळजवळ दीड मैल उंच. हवा विरळ, आणि उन्हाळ्यात तापली की आणखीच पातळ. लिआंद्रोनं घराच्या मागच्या शेडमधे स्टीलच्या नळ्या जोडून, वर कापड ताणून ते दोघांचं विमान बांधलं होतं. कौंटीच्या रस्तेखात्यात बर्फ ढकलणाऱ्या अवजड गाड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली होती, त्यामुळे हात कसलेला होता. विमान उडायचंही छान. पण एकटा असला तरच, आणि तेही सकाळच्या गारव्यात. डोंगराच्या माथ्यापर्यंत जाण्याइतका दम त्या इंजिनात नव्हता.

आणि फेमीला माथ्यावरचं तळं बघायचं होतं. तिचे आजोबा उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन तिथे राहायचे. त्या पाण्याचा रंग दुसऱ्या कशालाच नाही, असं ते सांगायचे. आता तिचे गुडघे चढणीचे राहिले नव्हते. तिनं हट्ट कधी धरला नाही. एकदाच, भाजी चिरता चिरता, बोलून गेली होती. लिआंद्रोनं ते मनात ठेवलं.

म्हणून हे नवं इंजिन. नवं म्हणजे प्वेब्लो शहरातल्या भंगार आवारातल्या एका मोटारीचं; पण टर्बोवालं. इंजिन जो धूर बाहेर टाकतं, त्याच धुराच्या जोरावर एक छोटं चाक भन्नाट वेगानं फिरतं, आणि ते चाक इंजिनाच्या नाकात हवा कोंबत राहतं. मग बाहेर हवा कितीही विरळ असो, इंजिनाला वाटतं आपण समुद्रकिनारी आहोत.

लिआंद्रोनं ते पूर्ण खोलून, धुऊन, पुन्हा जुळवलं. विमानाच्या नाकावर चार जाड बोल्टांनी टांगलं. मग नळ्यांचं जंजाळ सुरू झालं. धुराच्या नळ्या, हवेच्या नळ्या, टर्बोला तेल नेणारी बारीक नळी आणि ते तेल परत आणणारी जाड नळी. शेजारच्या हँगरमधला वेंडेल ओकामोतो अधूनमधून डोकावायचा. त्याची बटाट्याची आणि लेट्यूसची शेती होती. एक म्हातारं विमान होतं. दोघांची मैत्री शाळेपासूनची. वेंडेलच्या थोरल्या मुलीच्या लग्नात लिआंद्रो आणि फेमी मानाचं जोडपं म्हणून उभे राहिले, तेव्हापासून वेंडेल त्याला कोंपाद्रे, म्हणजे मानलेला सोयरा, म्हणायचा.

"कोंपाद्रे, हे विमान आहे की ऑक्टोपस?"

"तुझ्या विमानापेक्षा तरुण आहे. पाना दे तो."

अशा कामात एक शिस्त असते. नट आवळायचा तो मोजून आवळणाऱ्या पान्यानं. ठरलेला जोर आला की पाना 'कट्ट' असा आवाज करतो. तो आवाज ऐकला की लगेच नटावरून बोल्टावर आणि तिथून खालच्या पत्र्यावर रंगाची एक बारीक रेघ ओढायची. पुढे कधी तो नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. रेघ अखंड, तर काळजी नाही. लिआंद्रोकडे नारिंगी रंगाची ट्यूब होती. पहिल्यापासून तो नारिंगीच वापरायचा.

पिवळी रेघ त्याला दिसली ती टर्बोच्या खाली, तेल परत आणणाऱ्या नळीला आवळून धरणाऱ्या पट्ट्यावर.

आदल्या दिवशी हा पट्टा तो नुसता हातानं बसवून गेला होता. फेमीचा फोन आला, जेवण निवत होतं, उद्या आवळू म्हणून त्यानं तो तसाच सोडला. विसरू नये म्हणून पाना मुद्दाम त्याच्याखालीच ठेवला होता. आता पाना तिथेच होता, आणि पट्ट्याच्या स्क्रूवर सुबक पिवळी रेघ होती. लिआंद्रोनं पाना लावून बघितलं. लगेच कट्ट. पुरेपूर आवळलेला.

त्यानं थोडा वेळ डोकं खाजवलं. वय झालं, असं स्वतःशीच म्हणाला. पण रंग? हँगरमधे पिवळा रंग नव्हता. कधीच नव्हता.

दोनतीन दिवसांनी आणखी एक. धुराच्या नळीच्या जोडावर त्यानं तात्पुरता साधा नट लावला होता. त्या जागी उष्णतेनं सैल न होणारा खास नट लागतो. तो डब्यात शोधायचा राहिला होता. सकाळी येऊन बघतो तर खास नट बसलेला, वर पिवळी रेघ. आणि साधा नट टेबलावर, धुतलेल्या फडक्याच्या बरोबर मध्यभागी ठेवलेला. एखादी नर्स चिमटा ठेवते तसा.

"वेंडेल," तो शेजारी जाऊन म्हणाला, "चेष्टा पुरे. काम चांगलं करतोयस, पण सांगून कर."

वेंडेल स्टुलावर बसून कॉफी पीत होता. "कसलं काम?"

"पिवळ्या रेघा."

वेंडेलनं येऊन बघितलं. दोन्ही नट बघितले, वाकून, चष्मा कपाळावर चढवून. मग सरळ झाला. "कोंपाद्रे, मला माझ्या ट्रॅक्टरचे नट कुठल्या बाजूला फिरतात ते आठवत नाही. मी तुझ्या विमानाला हात लावीन? आणि तुझी फेमी मला जिता सोडील?"

तो खोटं बोलत नव्हता. लिआंद्रो त्याला पत्ते खेळताना ओळखून होता.

त्या आठवड्यात मोठं बर्फ पडलं. दोन दिवस कुणीच धावपट्टीकडे फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी आभाळ निवळल्यावर दोघं वेंडेलच्या पिकअपमधून गेले. हँगरभोवतीचं बर्फ ताज्या चादरीसारखं सपाट पडलेलं. त्यावर सशाचं पाऊलसुद्धा नव्हतं. सरकतं दार खालून जमिनीला गोठून चिकटलेलं. पहारीनं ठोकून ठोकून बर्फ फोडावं लागलं. आत श्वासाची वाफ दिसत होती. विमान होतं तसं उभं होतं.

इंजिन ज्यावर टांगलं होतं त्या चारही बोल्टांवर लिआंद्रोच्या नारिंगी रेघा होत्या. आता प्रत्येक नारिंगी रेघेच्या शेजारी, तिला चिकटून, एक पिवळी रेघ होती.

लिआंद्रोनं पाना लावला. बोल्ट त्यानं स्वतः आवळले होते, पुस्तकात दिल्याप्रमाणे. पाना त्या आकड्याला कट्ट म्हणाला. त्यानं जोर थोडा वाढवून लावला. पुन्हा कट्ट. आणखी वाढवला. तरी कट्टच. पुस्तकापेक्षा कितीतरी अधिक आवळलेले होते ते, आणि धातू मात्र कुठे ताणलेला नव्हता.

"या इंजिनावर कुणी मेलंबिलं असेल," वेंडेल हळूच म्हणाला. "भंगारातली गाडी. विचार तरी."

लिआंद्रोनं त्याच दुपारी प्वेब्लोला फोन केला. आवारातल्या माणसानं शोधून सांगितलं, गारपिटीत ठेचलेली गाडी. दुकानासमोर उभी होती, आत कुणी नव्हतं. एका शिक्षिकेची. बाई ठणठणीत आहेत, गेल्याच आठवड्यात जुने टायर विचारायला आल्या होत्या.

रात्री जेवताना त्यानं फेमीला सगळं सांगितलं. हिरव्या मिरचीचा रस्सा आणि टॉर्टिया होत्या. तिनं टॉर्टियाचा तुकडा मोडून रश्शात बुडवला.

"वाईट काही केलं का त्यानं?"

"कुणी?"

"जो कुणी आहे त्यानं."

"नाही. माझ्याकडून राहिलेलं पुरं करतोय."

"मग आभार मान की, म्हाताऱ्या. नाव विचारायची एवढी काय घाई? माझी आई रस्त्यात गाडी ढकलणाऱ्याला आधी आशीर्वाद द्यायची आणि मग विचारायची, तू कुणाचा रे."

लिआंद्रोला ते पटलं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हँगरचं दार ओढून घेताना तो आत अंधाराकडे बघून पुटपुटला, "आभारी आहे." आपलाच आवाज पत्र्यावर आपटून परत आला. त्याला ओशाळल्यासारखं झालं. तरी पुढे रोज तो हे म्हणत राहिला, आणि काही दिवसांनी ओशाळणंही गेलं. एवढ्या वर्षांत त्याच्या कामावरून कुणी असा मायेनं हात फिरवला नव्हता.

मार्च लागला आणि क्रौंच आले. दरवर्षी येतात, हजारोंनी. करडे, उंच पायांचे, उत्तरेकडे जाताना खोऱ्यात जवाचे दाणे टिपायला उतरतात. दिवसभर आभाळातून त्यांची कर्रकर्र ऐकू येत राहते. त्या आवाजातच इंजिन जमिनीवर चालवून बघायचा दिवस ठरला.

विमानाची शेपटी त्यांनी वेंडेलच्या जड ट्रॅक्टरला दोरानं बांधली. चाकांपुढे ओंडके लावले. लिआंद्रो आत बसला. वेंडेल आग विझवायची टाकी घेऊन डाव्या पंखाच्या टोकाशी उभा राहिला, जिथून टर्बो समोर दिसत होता.

इंजिन पहिल्याच फेरीला पेटलं. लिआंद्रोनं ते बराच वेळ हळू फिरत ठेवलं, तेल तापू दिलं. मग जोर वाढवायचा दांडा सावकाश पुढे सरकवला. आवाज जाड झाला आणि त्यातून एक बारीक, उंच शीळ वर आली. टर्बो जागा झाला होता. दोर ताणला. शेपटीमागचं वाळलेलं गवत जमिनीला झोपलं. पूर्ण जोर. टर्बोचं लोखंड आधी काळसर तांबडं झालं, मग शेगडीतल्या निखाऱ्यासारखं लाल. सगळे काटे जिथे हवेत तिथे होते. लिआंद्रोच्या डोळ्यांत पाणी आलं. असा दम या खोऱ्यात त्यानं कुठल्या इंजिनात बघितला नव्हता.

इंजिन बंद करून तो उतरला तेव्हा वेंडेल जागचा हलला नव्हता.

"कसं काय?" लिआंद्रोनं विचारलं.

वेंडेलनं नुसतं बोट दाखवलं.

टर्बो आणि धुराची नळी यांना जोडणारा रुंद पट्टा अजून मंद लाल होता. पहिल्यांदा तापला की असा पट्टा हटकून सैल पडतो. गार झाल्यावर तो पुन्हा आवळायचा, हे लिआंद्रोनं ठरवलेलंच होतं. पट्ट्याच्या नटावर पिवळी रेघ होती. लाल लोखंडावर पिवळीधमक. जळलेली नाही, करपलेली नाही.

"सकाळी नव्हती," लिआंद्रो म्हणाला.

"सुरू केलंस तेव्हाही नव्हती." वेंडेल म्हणाला. "मी इथेच उभा होतो. डोळ्याची पापणी नाही लवली माझी. आधी नव्हती, आणि मग होती."

तो पट्टा फिरत्या पंख्यापासून हातभर अंतरावर होता.

वेंडेलनं टाकी खाली ठेवली, दोर सोडला, आणि ट्रॅक्टर घेऊन घरी गेला. कॉफीलाही थांबला नाही.

घरी विमानं बांधणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्यातली जाणती माणसं एकमेकांचं काम बघून देतात, उडण्याआधी. लिआंद्रोकडे मिसेस हॅस्केल आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, बोलायला तुटक. बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन त्यांनी सगळं इंजिन इंचाइंचानं पाहिलं. बराच वेळ गेला.

"दोघांनी मिळून केलंय वाटतं," त्या अखेरीस म्हणाल्या. "एकानं आवळायचं, दुसऱ्यानं तपासायचं. उत्तम पद्धत. नारिंगी कोण?"

"मी."

"आणि पिवळा?"

लिआंद्रोनं वेंडेलकडे बघितलं. वेंडेल बाहेर आभाळाकडे बघत होता.

"कोण का असेना," मिसेस हॅस्केल हातमोजे काढत म्हणाल्या, "त्याला सोडू नका. इतकं चोख काम मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय. फक्त एक सांगा मला. इंधनाच्या टाकीच्या मागे, चौकटीच्या आत एक नट आहे. तिथे माझा आरसासुद्धा जेमतेम गेला. तिथेही पिवळी रेघ आहे. कापड न फाडता तिथे हात घातला कसा त्यानं?"

उत्तराची वाट न बघता त्या गाडीत बसल्या.

उड्डाणाच्या सकाळी वारा पडलेला होता. फेमीनं थर्मास भरून दिला, त्याच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाली, "आधी तू बघून ये. मी नंतर बघेन."

विमान धावपट्टीच्या निम्म्यावरच जमिनीवरून सुटलं. कुंपण, कालवा, वेंडेलचं शेत, सगळं झपाट्यानं खाली गेलं. टर्बोची शीळ एका सुरात चालू होती. धावपट्टीवर घिरट्या घालत लिआंद्रो वर वर चढत गेला. जुनं इंजिन जिथे धापा टाकू लागायचं ती उंची आली आणि मागे पडली. नाकाला प्राणवायूची नळी लावून तो आणखी चढला. पर्वताचे खडक खिडकीच्या पातळीला आले, मग खाली गेले. जन्मभर ज्याच्या पायथ्याशी तो राहिला, तो डोंगर त्यानं पहिल्यांदा वरून बघितला.

तळं होतं. भोवती सगळं बर्फ, आणि मधे वाऱ्यानं झाडून काढलेला बर्फाचा एक गोल, खालून उजळल्यासारखा. तो रंग निळा नव्हता आणि हिरवाही नव्हता. आजोबांचं खरं होतं. दुसऱ्या कशालाच तो रंग नव्हता.

"आभारी आहे," तो मोठ्यानं म्हणाला. इंजिनाला, डोंगराला, आणि आणखी कुणाला.

उतरायला त्यानं पश्चिमेकडून मोठा वळसा घेतला. धावपट्टी समोर दिसू लागली होती. उंची फारशी उरली नव्हती. तेवढ्यात जवाच्या शेतातून क्रौंचांचा थवा उठला.

पाखरं खालून वर येत होती, वाऱ्यावर उडालेल्या राखेसारखी. त्यानं विमान उजवीकडे झोकलं. बहुतेक चुकले. एक चुकला नाही.

पंख्याला मोठा धक्का बसला. एका पात्याचं टोक तुटून गेलं, आणि पुढच्याच क्षणी सगळं विमान कुणीतरी दोन्ही हातांनी गदागदा हलवावं तसं हलू लागलं. काटे दिसेनात. दात वाजू लागले. समोर इंजिन आपल्या जागी नाचत होतं; ते आता सुटणार, नाक हलकं होणार आणि विमान दगडासारखं पडणार, हे त्याला लख्ख कळलं.

त्यानं इंधन तोडलं. बटणं बंद केली. पंखा फिरायचा थांबेपर्यंतचे क्षण फार लांब होते.

इंजिन सुटलं नाही.

मग शांतता. नुसता वाऱ्याचा सुस्कारा. समोर कापलेल्या जवाचं शेत. त्यानं नाक वर धरलं, चाकं टेकवली.

वरून कोरडं दिसणारं शेत आतून चिखल होतं. चाकं रुतली. शेपटी उचलली गेली. आभाळ खाली आलं आणि जमीन वर गेली.

त्याच्या मानेत काहीतरी मोडलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज, आतून.

तो खुर्चीच्या पट्ट्यांना उलटा लटकत होता. डोळे उघडे होते. स्वतःचे हात त्याला दिसत होते, खाली लोंबणारे. ते त्याचे वाटत नव्हते. त्यानं बोटं हलवायला सांगितलं. ती हलली नाहीत. श्वास आत घ्यायचा कसा, तेच आठवेना.

भीती मात्र नव्हती. फेमीला तळ्याचा रंग सांगायचा राहिला, एवढंच त्याच्या मनात आलं.

आणि मग कानामागे, अगदी जवळ, ऐकू आलं.

कट्ट.

बोटांना मुंग्या आल्या. थंडी कळली. चिखलाचा वास आला. छातीत हवा भरली.

वेंडेलचा पिकअप शेतातून उड्या मारत आला, तेव्हा लिआंद्रो उलट्या विमानाशेजारी आपल्या पायांवर उभा होता.

"कोंपाद्रे!" वेंडेल रडत होता, आणि रडतोय हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं लिआंद्रोचे खांदे चाचपले, हात चाचपले. "हल. चाल. बोल काहीतरी!"

"तळं बघितलं," लिआंद्रो म्हणाला.

निघण्यापूर्वी दोघांनी विमानाच्या नाकाशी वाकून बघितलं. इंजिन धरून ठेवणारी चौकट एका बाजूला पिळवटली होती. एका नळीला चीर गेली होती. चारही बोल्टांवरच्या नारिंगी रेघा तुटून सरकल्या होत्या. पिवळ्या अखंड होत्या. एकाच नटावर, शेजारीशेजारी.

वेंडेलनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तसाच उभा राहिला.

दुपारी गावातल्या दवाखान्यात नर्सबाईंनी त्याला नखशिखांत तपासलं. मान बोटांनी दाबून पाहिली, कॉलर उलटून पाहिली, मानेवरचा चिखल पुसून काढला; खाली कातडी स्वच्छ होती. एक्स-रे फोटो काढले. मग फोटो उजेडाला लावून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"हे केव्हाचं?"

"काय केव्हाचं?"

"मान मोडली होती ती. इथे बघा. आरपार." त्यांनी पेन्सिलीचं टोक एका पांढऱ्या ठिपक्याजवळ नेलं. "जुनी मोड आहे, जुळून किती वर्षं झाली असतील. पण काय सुरेख जुळलीय! अशा मोडीतून माणूस सहसा उठत नाही, मिस्टर माएस. कुणी केलं हे काम?"

फेमीनं लिआंद्रोकडे बघितलं. तिचं लग्न होऊन त्याच्याबरोबर आयुष्य गेलं होतं. त्याची मान कधी मोडली नव्हती.

"आम्ही त्याचे फार आभारी आहोत," लिआंद्रो म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत वेंडेलची बायको गरम सूप ठेवून गेली. नंतर दोघंच उरली. लिआंद्रोनं फेमीला तळ्याबद्दल सांगितलं. रंग सांगायला शब्द पुरेनात, तेव्हा हातांनी सांगितलं. ती ऐकत राहिली, हसली, मधेच डोळे टिपले. मग तिनं त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, कढत पाण्यात फडकं पिळलं, त्याचा सदरा खांद्यावरून खाली केला आणि पाठ शेकायला घेतली. खिडकीबाहेर क्रौंच रात्रीच्या पाणथळीकडे परतत होते.

तिचा हात मानेशी येऊन थांबला.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

तिनं त्याचे मागचे केस वर सारले. मानेच्या मणक्यावर, कातडीवरून सरळ खाली, एक बारीक, सुबक रेघ होती. कुठेही तुटलेली नव्हती.

"पिवळी?" लिआंद्रोनं मागे न वळता विचारलं.

"हो."

समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे, दाराकडे, शेगडीमागच्या कोपऱ्याकडे बघून, नक्की कुठे बघायचं ते न कळून, तो हलक्या आवाजात म्हणाला, "आभारी आहे."

फेमीनं रेघेला बोट लावलं होतं. ते बोट तिनं दिव्याजवळ नेलं.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "ओली आहे ही."